भिंतीपलीकडची तीन फुले

लोरेन, नव्या पंचांगातला बर्फाचा महिना, ७ तारीख
प्रजासत्ताकाचे दुसरे वर्ष

चि. लिबेर हिस मँस्वीदादाचे अनेक आशीर्वाद.

तुला नेऊन चार दिवस झाले. सोबत राईचा पाव आणि लोकरी मोजे पाठवतो. मोजे पहारेकऱ्याने ठेवून घेतले तर कळव. कोठडीत विस्तव असतो का, हीच काळजी लागून राहते.

आपल्या सामाईक भिंतीत बसवलेली माझ्या चुलीमागची बिडाची लादी, तिची पाठ तुझ्या कपाटात उघडी असते, कपडे उबदार राहावेत म्हणून. झडतीत तिच्या तुझ्याकडच्या बाजूवर राजाचा मुकुट आणि राजघराण्याची लिलीची तीन फुले सापडली. क्रांती समितीच्या लोकांनी मला विचारले, तेव्हा मी एवढेच म्हणालो, की भिंतीपलीकडे बहिणीचा संसार आहे. बरोबर बोललो ना? रात्रंदिवस तेच मनात येते.

लोभ आहेच, तो राहू दे.
मँस्वीदादा

१० तारीख

ती. दादास लिबेरचा नमस्कार.

मोजे मिळाले. एक सैल आहे. नेहमीप्रमाणे टाके मोजले नाहीस.

दादा, फुले माझ्या कपाटात पायी चालत आली का? चाळीस वर्षे ती तुझ्या चुलीकडे तोंड करून होती. राजचिन्हे पुसायचा हुकूम निघाला, मी धुण्याला गेले, आणि तू पहारीने लादी फिरवलीस. बाईमाणसाचे कपाट कोण उघडतो, असे वाटले असेल. मी उघडले तर राजा समोर! हसूच आले. वर चादर टाकली आणि गप्प बसले.

लादी कोणी फिरवली, ते रोज विचारतात. मी ठाऊक नाही म्हणते. १५ तारखेला निकाल आहे. परवा एकीचे डोके गेले. तुझ्या खोकल्याने तू इथे आठवडाभरही टिकणार नाहीस, तेव्हा तू गप्पच राहा.

माझ्यावर रागावू नकोस.
लिबेर

१४ तारीख

लिबेर,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. नमस्कार मीच करतो.

आज लादी पुन्हा फिरवली. माझ्या दारातून येणाऱ्याला पहिली फुलेच दिसतील. मग समितीत जाऊन सांगितले, की लादी तेव्हाही मीच फिरवली होती. कारकुनाने विचारले, इतके दिवस गप्प का? मी म्हणालो, भ्यालो. त्याने तेवढेच लिहून घेतले. तुला उद्या सोडणार आहेत. मला न्यायला दुपारी येतील.

चुलीत बीचची जाड लाकडे घातली आहेत, तू येईपर्यंत धग राहील. कपाटात तुझी शाल ठेवली आहे. तुझ्या बाजूने लादी कोरी आहे. मी दोनदा हात फिरवून पाहिला. आता तिसऱ्यांदा पाहून येतो.

मँस्वी