जातानाचा विनोद

बरबँक, मंगळवार

प्रिय बाबा,

तुमची लेक मजेत आहे, वेळेवर जेवतेय.

आमच्या सिनेमात उडणाऱ्या नायकाचा गुरू मरतो आणि नायक तिथेच एक विनोद करतो. चाचणीच्या खेळाला लोक हसले, पण रडलं कुणी नाही. दिग्दर्शक ग्रेडी माझ्यावरच उखडला, "लेनोरा, संकलन तुझं ना? मग रडव लोकांना."

तेव्हा तुमचं अग्निशमन केंद्र आठवलं. आगीकडे जाताना बंबात तुम्ही सगळे एकमेकांची टर उडवायचात. परतताना मात्र कुणी चकार शब्द काढायचं नाही. नायकाच्या तोंडावर मुखवटा असतो, ओठ दिसत नाहीत, त्यामुळे त्याचं वाक्य कुठेही बसतं. मी तो विनोद लढाईला निघतानाच्या प्रसंगात टाकला आणि मरणानंतर नुसती शांतता ठेवली. काल पुन्हा चाचणीचा खेळ झाला, लोक आधी पोट धरून हसले, मग रुमाल निघाले.

ग्रेडीने विचारलं, "हे कुठे शिकलीस गं?" मी तुमचं नाव सांगितलं. हे तुमचंच देणं, बाबा.

रविवारी फोनवर डॉक्टरच्या टकलावरून तुम्ही मला खूप हसवलंत. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, तुम्ही विनोद जातानाच करता. ऑपरेशन कधी आहे? शुक्रवारी मी ओमाहाला तुमच्याकडे पोचतेय. हॉस्पिटलमधून परतताना गाडीत तुमच्या शेजारी गप्प बसायला कुणीतरी हवं.

तुमचीच,
लेनोरा