वरचा मजला, माझ्या हातचा

३ फेब्रुवारी २०२५
ठरलं. बंगळुरूच्या राजाजीनगरातल्या आपल्या घरावर मजला चढवायचा. गौरीला ऑगस्टमध्ये बाळ होणार. त्याआधी तिने आणि जावईबापूंनी वर राहायला यावं. आर्किटेक्ट श्वेताला नको म्हणून कळवलं. जन्मभर सरकारी कारखान्यात पंपांचं डिझाइन केलेल्या माणसाला आर्किटेक्ट कशाला? आता कॉम्प्युटरच्या अशा भाषा आहेत की घर काढायचं नाही, लिहायचं. लांबी-उंची लिहिली की स्क्रीनवर भिंत उभी! आठवडाभरात शिकून होईल.

१६ फेब्रुवारी
भिंत उभी राहिली! आमच्या हिला, हेमलताला, हाक मारली. चष्मा लावून म्हणाली, "कुठाय?" आकडे मिलिमीटरमध्ये द्यायचे होते, मी मीटरचे दिले. भिंत तिळाएवढी आहे, पण प्रमाणबद्ध.

९ मार्च
चारही भिंती मोठ्या केल्या. ही विचारते, दार कुठाय? या भाषेत दार बसवत नाहीत, भिंतीतून वजा करतात. मी ते अधिक केलं होतं. बायकांना घाई फार.

१३ एप्रिल, संध्याकाळ
शेजारच्या नागराजना मॉडेल गोल फिरवून दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाले, "सार, जिना स्वल्प आमच्या बेडरूममध्ये येतोय." एका चिन्हाची चूक. बदललं. आता जिना थेट रस्त्यात उतरतो. पाहुण्यांना सोयीचं.

८ जून
गौरीने विचारलं, "बाबा, खरं बांधकाम कधी?" समजावलं, आधी व्याकरण पक्कं हवं. ती रडायला लागली. या दिवसांत होतं म्हणे असं. तरी मला जेवण गेलं नाही. उद्यापासून पहाटे पाचला उठून काम.

९ जून
साडेआठला उठलो. पाऊस होता.

२७ जुलै
छप्पर टाकलं, आणि अख्खं घर गायब! कुठेतरी एक कंस राहिलाय. सापडेना. हेमलताने माझ्यासमोरच श्वेताला फोन लावला. श्वेता म्हणाली, आता दिवाळीनंतरच. मी हिला म्हटलं, माझं मॉडेल पाठवून दे, तिचं काम वाचेल. हिने फोनच ठेवून दिला.

२४ ऑगस्ट
मुलगी झाली! दोघी सुखरूप. आज हॉस्पिटलातून थेट माझ्या खोलीत. घरात तेवढी एकच मोकळी करण्यासारखी. प्रणीतने, म्हणजे जावईबापूंनी, माझा कॉम्प्युटर उचलून माळ्यावर टाकला. कुणी विचारलंही नाही.
असो. मजला एकदाचा वर गेला.