ख्लेब आमचाच

७ सप्टेंबर, शनिवार
डोकं फिरलंय. नातीचा, बोग्नाचा, होणारा नवरा मिरोन जेवायला आला होता. विद्यापीठात जुने शब्द उकरतो. कापण्याआधी मी पावाच्या तळाला सुरीने क्रूस काढत होतो, तेवढ्यात म्हणतो, आजोबा, पावाला आपण ‘ख्लेब’ म्हणतो ना, तो शब्द मुळात जर्मन टोळ्यांकडून आलाय. दीड हजार वर्षांपूर्वी त्याचं रूप ‘ख्लेबु’ असावं. असावं! कुठे लिहिलेलं नाही, कुणी ऐकलेलं नाही. त्याआधी आम्ही पोलिश माणसं काय मुक्याने जेवत होतो?
ठराव: त्याने म्हणणं मागे घेईपर्यंत ख्लेब तोंडात नाही. ना खायला, ना बोलायला. लग्नात नवरा-नवरीच्या स्वागताला दारात ख्लेब-मीठ घेऊन उभा राहणार नाही. बोग्नाला बाप नाही, मान माझाच. बघू काय करतात.

८ सप्टेंबर
बटाटे खाल्ले. छान लागतात. दुपारी पुन्हा बटाटे.

१५ सप्टेंबर
पुरावा सापडला! ख्लेब, ख्लेबा, ख्लेबोवी, ख्लेबेम... पोलिशच्या सातही विभक्तींत चालतो. परका शब्द घरातल्यासारखा असा चालेल? ‘काकाओ’, म्हणजे कोको, बघा, परका म्हणून जागचा हलत नाही. मिरोनला फोन केला. म्हणाला, आजोबा, कॉम्प्युटरसुद्धा सातही विभक्तींत चालतो, तो काय तुमच्या पणजोबांनी शोधला? फोन आपटला. बायको गेनिया म्हणाली, सहावी नापासाने प्राध्यापकाशी कुस्ती खेळू नये. नापास नाही. सहावीत शाळा सोडली. फरक आहे.

२२ सप्टेंबर
बोग्ना रडली. तुम्ही दारात नसाल तर मी आत पाऊलच टाकणार नाही म्हणाली.
ठरावात दुरुस्ती: उभा राहीन. पण तिथेच भाषण ठोकून पोराला सगळ्यांसमोर उघडं पाडीन.

२९ सप्टेंबर
भाषण पाठ. जेवताना गेनियाला म्हटलं, ते दे. ते म्हणजे काय, म्हणाली. काय ते तुला माहीत आहे, म्हटलं. तिने बटाटा दिला. मुद्दाम.

५ ऑक्टोबर, शनिवार
लग्न. वरात दारात आली. माझे हात रागाने कापत होते. अशक्तपणाने नव्हे. ख्लेब निसटला, उंबऱ्यावर पडला. मी वाकायला गेलो, गुडघ्याने दगा दिला. मिरोन नव्या सुटासकट खाली बसला, ख्लेब उचलला, ओठांना लावला, माझ्या हातात परत ठेवला. पडलेला ख्लेब आमच्यात असाच उचलतात. याला कुणी शिकवलं? बोग्ना कानात म्हणाली, तुम्हीच, ईस्टरला त्याच्या हातून पडला तेव्हा केवढे ओरडला होतात त्याच्यावर!
भाषणासाठी तोंड उघडलं. ‘ख्लेब घ्या, पोरांनो’, एवढंच निघालं.

६ ऑक्टोबर
मिरोनने अजून म्हणणं मागे घेतलेलं नाही. घेईल. पुढच्या रविवारी जेवायला येतोय, ख्लेब मीच कापणार. आज लोणी लावून चार तुकडे खाल्ले. सराव म्हणून.