आज माउस हलवू नका

बाबा,

आज माझा घरून कामाचा दिवस, पण मी जरा बाहेर चाललेय. मी आत नुसती पडून असते, तेव्हा कंपनीला मी कामावर दिसावी म्हणून तुम्ही दुपारची झोप सोडून माझ्या लॅपटॉपचा माउस हलवत बसता. आज नका बसू.

मागच्या बुधवारी मी लॅपटॉप चालू करायलाच विसरले होते. तुम्ही काळ्या पडद्यासमोर दिवसभर इमानेइतबारे माउस हलवलात. ऑफिसातून एकानेही चौकशी केली नाही. त्याचं मला वाईटसुद्धा वाटलं नाही, बाबा.

भाजी गरम करून घ्या, गॅस आठवणीने बंद करा. सहापर्यंत आले नाही तर फोन करा. मी कुठे आहे, ते कुणीतरी विचारायला हवं.

— धाकटी