ओरोझालाइट

१२ ऑक्टोबर
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या मागे लोकांना कागद शोधत बसावं लागतं, तसं माझ्या बाबतीत नको.
कारण असं. विद्यापीठाच्या भूशास्त्र संग्रहालयात (मी प्रमुख) हैदरकानच्या खाणीतला एक दगड आहे. त्याच्यावर पिवळी साय आढळली. कुठल्याच पुस्तकातल्या खनिजाशी जुळत नाही. सगळी पुस्तकं पाहिली. म्हणजे कपाटात होती तेवढी.

१३ ऑक्टोबर, सकाळ
बसवत नाही. दगडापाशी जातो, येतो, पुन्हा जातो.
मंगळवार, म्हणजे बेइशेनबाबा आलेच. माझ्याआधीचे प्रमुख. निवृत्त होऊन जमाना झाला तरी दर मंगळवारी हजर. माझ्या खुर्चीत बसतात, लेबलं सरळ करतात, चहा पितात, हीटरपाशी घोरतात. मला 'बाळ' म्हणतात. मी सत्तावन्न वर्षांचा आहे.
सायीबद्दल त्यांना चकार शब्द सांगितला नाही. त्यांनीच दगड उचलला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "पुसून ठेव रे, बाळ."
पुसून!

२० ऑक्टोबर
सायीचा कण नोवोसिबिर्स्कच्या प्रयोगशाळेत पाठवला. नाव ठरलं, अर्थात माझ्याच नावावरून: ओरोझालाइट. रात्री जेवताना बायकोला, अनाराला सांगितलं. ती मटण भरून वाफवलेल्या मंटी वाढत होती. म्हणाली, "लाइट? आज पुन्हा जाणार आहे का?" आमच्या घरात लाइटचा विषय निघतो तो ती जाण्याबद्दलच.
निश्चय: निकाल येईपर्यंत बाहेर कुणाला सांगायचं नाही.

२१ ऑक्टोबर
कुबातला सांगितलं. अनाराचा भाऊ. कोचकोरला घोडे पाळतो, दगडांशी संबंध नाही, म्हणजे धोका नाही.

२३ ऑक्टोबर
कोचकोरहून दिवसभर फोन. अनाराच्या चुलत्यांनी विचारलं, "तुझ्या नावाचा डोंगर निघाला म्हणे?" कुबात म्हणाला, "दाजी, वसंतात मोठं जेवण घालू. जेवणासाठी कापायचा घोडा आत्तापासून चारतोय." मी नको नको म्हणालो. घोडा कुठल्या रंगाचा, एवढंच विचारलं.

९ नोव्हेंबर
उत्तर आलं! खनिज नवं असण्याची दाट शक्यता. आणखी तपासण्या करतील, मग आंतरराष्ट्रीय कमिटीकडे अर्ज.
दुपारी नियम वाचले. शोधणाऱ्याला स्वतःचं नाव देता येत नाही. हा काय न्याय? मुलाला बापाचं नाव लावायचं नाही?
चार वाजेपर्यंत फेऱ्या मारल्या. मग सुचलं. मी शोधणाऱ्यांत नसलोच तर? अर्ज दुसऱ्याने करायचा, मी बाजूला व्हायचं. मग माझं नाव द्यायला कुणाची हरकत? कधी कधी माझी मलाच भीती वाटते.
ते दुसरं माणूस म्हणजे माझी सहकारी, बुरुलचा. आमच्याकडचे मादिगेनचे जीवाश्म सांभाळते, इंग्रजी चांगलं. अडचण एवढीच की वसंतापासून आम्ही बोलत नाही. तिला उन्हाचा हॉल शाळकरी मुलांसाठी हवा होता, मी दिला नव्हता.

१० नोव्हेंबर
उन्हाचा हॉल दिला. वर मिठाईचा डबा. मग मुद्द्यावर आलो, पण आडवळणाने. म्हणालो, "बुरुलचा, अर्ज तू कर. मला लेखकांत नाव नको. आणि खनिजाला नाव द्यायचं तर अशा माणसाचं दे, ज्याने या जागेसाठी आयुष्य झिजवलं. आपल्या डोळ्यांसमोर वावरतो, पण त्याचे आभार कुणी मानले नाहीत. स्वतः तो कधीच मागणार नाही."
बुरुलचा रडलीच. म्हणाली, "दादा, मला वाटायचं, तुम्हाला त्या माणसाचं ओझं होतं."
वाक्य जरा विचित्र वाटलं. रडताना माणसं काहीही बोलतात.

१८ नोव्हेंबर
अर्ज तयार. प्रमुख म्हणून माझी परवानगी लागते. बुरुलचा म्हणाली, "निदान पहिलं पान तरी वाचा." मी हात हलवला. आपलंच कौतुक आपण वाचणं शोभत नाही. न वाचता सही ठोकली.

४ डिसेंबर
कमिटीचं काही नाही. उन्हाच्या हॉलमध्ये मुलांचा धुडगूस. एकीने विचारलं, "आजोबा, इथला सगळ्यात महाग दगड कुठला?" म्हटलं, अजून त्याला नाव पडायचंय.

१९ जानेवारी
ईमेल बघू नये असा निश्चय. सकाळी पाळला. बेइशेनबाबा म्हणाले, "बाळ, पाय का नाचवतोस? जंत झाले असतील." बुरुलचाने त्यांच्यासाठी घरून बोर्सोक तळून आणले होते. हल्ली त्यांचे फारच लाड चाललेत. म्हाताऱ्यांना असं चढवून ठेवू नये.

२ मार्च
नवा सूट शिवायला टाकला. सही बदलली, आता 'ओ' मोठा येतो. कुबातचा फोन: "दाजी, घोडा इतका सुटलाय की चालताना दम लागतो. लवकर करा." त्याने मेमधली तारीखसुद्धा ठरवली, माणसं बोलावली. मी आवरलं नाही. लोकांच्या आनंदात आडवं येऊ नये.

१३ एप्रिल
मंजूर झालं.
बुरुलचा ओरडत आली आणि माझ्यासमोरून जाऊन बेइशेनबाबांना मिठी मारली. आनंदात माणूस जवळ असेल त्याला मिठी मारतो, असं मला वाटलं. मी त्यांच्यापेक्षा जवळ होतो.
मग स्क्रीनवर वाचलं. बेइशेनाइट. लेखक: बुरुलचा आणि सायबेरियातले तिघं. शेवटी बारीक अक्षरात आभार: संग्रहालयाच्या प्रमुखांचे, परवानगीबद्दल.
बुरुलचा बाबांना सांगत होती, "माझी कल्पना नाही हो, सगळं दादांचं. स्वतःचं नावसुद्धा काढून घेतलं त्यांनी!" बाबांनी माझा हात धरला, सोडेचनात. म्हणाले, "जुम्गुल जाण्याआधी मला म्हणाली होती, त्या दगडांनी तुला काय दिलं? आज ती असती तर तिला सांगितलं असतं." जुम्गुल त्यांची बायको.
मी खुलासा करणार होतो. वाक्य जुळवलंही होतं. झालं नाही.

१३ एप्रिल, संध्याकाळ
अनाराला सांगितलं. बराच वेळ हसली. मग माझ्याकडे पाहिलं आणि थांबली. म्हणाली, "घोडा तयार, पाहुणे बोलावलेले. जेवण होऊ दे, बाबांना घेऊन जाऊ." सुटाचं काय, विचारलं. "तूच घाल," म्हणाली.

१६ एप्रिल
शांतपणे विचार केल्यावर लक्षात आलं की मुळात माझा हेतू हाच होता. दहा नोव्हेंबरचं माझं बोलणं आठवून पाहिलं. शब्द न् शब्द साक्ष देतो.

१० मे, कोचकोर
जेवण जोरात झालं. तंबूत सगळ्यात वरच्या जागी बेइशेनबाबा. डोक्यावर नवी पांढरी टोपी, पुढ्यात मानाचं मेंढीचं डोकं. भाषणं झाली. बुरुलचाने माझ्या मोठ्या मनाचा उल्लेख केला, तेव्हा मी बाहेर चुलीवरचं पाणी बघत होतो.
सासरच्या पंगतीत पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायचं काम जावयाचं. वय कुणी विचारत नाही. नवा सूट, खांद्यावर टॉवेल, हातात तांब्या आणि तस्त. ओळीने सगळ्यांच्या हातांवर पाणी घालत गेलो. टोकाला अनाराची नारीनहून आलेली एक म्हातारी मावशी होती. आमच्या लग्नाला तिला येता आलं नव्हतं. ती बेइशेनबाबांकडे बघत शेजारणीला म्हणाली, "हाच ना अनाराचा नवरा? फारच थकलाय गं बिचारा."
मी उभाच होतो. तिच्या हातांवर पाणी घातलं.
मग तिने बोटं झटकली आणि वर न बघता मला म्हणाली, "गार आहे रे. गरम घेऊन ये."
आणलं.