कंगवा जागेवर नाही

सोमवार, ३ जून
लागली एकदाची नोकरी! सायकलच्या दुकानावरचं दोन खोल्यांचं ऑफिस. खालून दिवसभर घंट्यांची किणकिण. मालकांना सगळे दादा म्हणतात. मागच्या खोलीतल्या एकाच मशीनवर गावातल्या कितीतरी संस्थांच्या वेबसाइट चालतात: बबडीची शाळा, दवाखाना, पोहण्याचा तलाव आणि गेलेल्या माणसांची ‘स्मृतिपानं’. सगळ्या गोगलगायीच्या चालीनं. म्हणून माझं पहिलं काम, सगळ्यांसाठी मिळून कॅश बसवायची.
लेकीनं विचारलं, कॅश म्हणजे काय गं? म्हटलं, तू रोज सकाळी ओरडतेस, आई, कंगवा कुठंय? मी न उठता सांगते, खिडकीत. तसंच. मशीन दर वेळी साठ्यात शोधत बसत नाही, आधीचं उत्तर लक्षात ठेवतं. बबडी म्हणाली, आणि कंगवा कुणी हलवला तर? मी म्हटलं, मग आई तोंडघशी पडते. दोघी खूप हसलो.

बुधवार, ५ जून
कॅश बसली, साइट पळायला लागल्या. पण एक घोळ घातलाच. प्रत्येक साइटच्या उत्तरांना तिची वेगळी खूण द्यावी लागते, नाहीतर सरमिसळ होते. मी शाळेची फाइल स्मृतिपानांसाठी कॉपी केली आणि खूण बदलायला विसरले. शाळेच्या ग्रंथपालबाई तिथे झळकल्या, फोटोखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’! बाईंचाच फोन आला. म्हणाल्या, अहो, मारायचं तर मारा, पण फोटो तरी बरा लावा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खूण बदलली, कॅश रिकामी केली. दादांचा तर तो मंत्रच आहे. तक्रार कसलीही असो, आधी रिकामी करा. पोट साफ तर सगळं साफ.

गुरुवार, ६ जून
बाईंचं पान गेलं नाही. काल ते फक्त कॅशमध्ये होतं. आज मूळ साठ्यात आहे, रीतसर, तारखेसकट. कुणीही घातलेलं नाही.
दुपारी कळलं. काल संध्याकाळी रस्ता ओलांडताना बाई गेल्या.
त्यांचं हसणं कानातून जात नाही.

मंगळवार, ११ जून
तलावावरच्या पोहायला शिकवणाऱ्या सरांचं पान आलं. फक्त कॅशमध्ये. खुणा पुन्हा पुन्हा तपासल्या, सगळ्या बरोबर. या वेळी मी हात लावला नाही. पण जेवून आले तोवर दादांनी कॅश रिकामी केली होती. म्हणाले, साइट जरा अडखळत होती, ताई.
आता पान साठ्यात आहे.

बुधवार, १२ जून
सर गेले. झोपेतच. धडधाकट माणूस.
म्हणजे कॅशमध्ये असतं तोवर ते नुसतं थांबलेलं असतं. रिकामी केली, की मशीन पुन्हा विचारायला जातं — आणि कुणीतरी उत्तर देतं.

गुरुवार, १३ जून
बबडी.
तिचं पान. तिचा फोटो. भांग वाकडा, बोटांनी पाडल्यासारखा. असा फोटो आम्ही कधी काढलेलाच नाही.
फक्त कॅशमध्ये आहे. अजून.
रिकामी करायची नाही. मशीन बंदही करायचं नाही, ते बंद पडलं की कॅश रिकामी झालीच. पासवर्ड बदलला. दादा भडकले, मशीन माझं की तुमचं? सगळं सांगितलं. त्यांनी हळूच विचारलं, ताई, झोप होते ना नीट?

शुक्रवार, १४ जून
कंगवा खिडकीत नव्हता. घरभर शोधला. बबडी म्हणाली, पडलीस ना तोंडघशी? क्लासच्या परीक्षेला उशीर होतोय म्हणत बोटांनीच भांग पाडला आणि पळाली. मी जिन्यापर्यंत धावले. पेपर झाला की सरळ ऑफिसात ये म्हटलं. ऐकलं असेल ना —

दुपार
मागच्या खोलीला कुलूप घातलंय. किल्ली मुठीत आहे. दाराला पाठ लावून बसलेय, मशीनची घरघर पाठीला जाणवते. ती आहे तोवर —
दादा आले, समजूत घालून गेले. खाली सायकलवाल्याशी बोलताहेत. काहीतरी बंद करून चालू करू म्हणे — मेन स्विच — जिन्याखालीच तर —
घरघर थांबली.

परत सुरू झाली. पान उघडून बघ — नाही. नाही बघत.
जिन्यात पावलं. हलकी. बबडीचीच आहेत. तिचीच. आली की आधी तिचा भांग नीट —