अंगात आलं म्हणतात ते

गोरखपूर, जबलपूर
१८ सप्टेंबर १९९७

चि. विनयला ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळे ठीक. ह्यांची फॅक्टरीत दुपारची पाळी चालू आहे. महालक्ष्म्या नीट पार पडल्या, सोळा भाज्यांमध्ये कारलं तेवढं खारट झालं.

तू लिहिलंस, माझ्या अंगात देवी आल्याचं कळल्यापासून आई साडी-नारळ घेऊन इकडे यायला निघाली आहे. तिला पाठवू नको रे बाबा. तिकीट काढलं असेल तर परत कर. देवी समजून माझी सख्खी आई माझ्या पाया पडली, तर मी कुठे तोंड लपवू?

काहून, म्हणून विचारशील. सांगते.

माझी झोप तुला माहीतच आहे. तांदूळ निवडताना डोळा लागतो, ऑटोत लागतो, एकदा तर ह्यांच्या साहेबांसमोर चहाचा कप हातात धरून लागला. सासूबाई मला 'महाराणी' म्हणतात, तेही तू ऐकलं आहेस. पण मागे नागपूरला आले होते तेव्हा मी गुपचूप डॉक्टरांना दाखवून आले, हे तुला माहीत नाही. नार्कोलेप्सी म्हणतात ह्याला. आळस नाही, आजार आहे. खूप हसू आलं की माझे गुडघे जातात, जबडा लटकतो, तोंडातून शब्द फुटत नाही. शुद्ध मात्र असते. सगळं ऐकू येतं. हे म्हणाले, "माझ्या आईला नको सांगू. मेंदूचं म्हटलं की सारा मोहल्ला पागल समझेगा." म्हणून मी गप्प राहिले, आणि हसायचंच सोडून दिलं. तू आलास की मी स्वयंपाकघरात जाऊन बसते, तुला वाटतं ताईला गर्व झाला. गर्व कसला! तुझ्या गमतींची धास्ती वाटते मला.

त्या दिवशी आरती चालू होती आणि धाकट्या महालक्ष्मीचा मुखवटा जरासा कलला. लहानपणी तू म्हणायचास, "मोठी जागी आहे अन् धाकटी डुलक्या घेऊन राहिली, आपल्या ताईसारखी!" ते आठवलं आणि मला फिस्सकन हसू आलं. झालं! टाळ्या वाजवता वाजवता मी खाली. बायका ओरडल्या, "आलं वं माय, अंगात आलं!" कोणी कपाळभर कुंकू फासलं, कोणी मांडीवर खण ठेवला. थोड्या वेळानं अंगात जोर आला होता, उठता आलं असतं. पण सासूबाईंनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं होतं. मी डोळे मिटूनच पडून राहिले.

लिहायलाही लाज वाटते, पण पुढचे दिवस फार सुखाचे गेले. दुपारी पडले की सासूबाई दार लोटून घ्यायच्या आणि बाहेर सांगायच्या, "गडबड नका करू, झोपू द्या तिले." लग्न झाल्यापासून असं कोणी म्हटलं नव्हतं. मला ते सोडवेना.

मग रविवारी शेजारच्या भानुमतीबाई आल्या. त्यांच्या पोटात गाठ आहे, डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात. सासूबाईंनी मला पाटावर बसवलं. भानुमतीबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या, "माय, तू नको म्हण, म्हणजे मी नाही करत. मले कापाकापीचं लय भेव वाटते."

मी पाटावरून उठलेच. म्हटलं, "काकू, माझ्यात देवी-बिवी काही नाही. मला आजार आहे. त्या दिवशी मी हसून पडले. तुम्ही डॉक्टरांचं ऐका, ऑपरेशन करून घ्या."

त्या जरा गोंधळल्या. मग झटकन हात जोडून म्हणाल्या, "कौल देल्ला मायनं! करतो मंग." आणि नारळ ठेवून निघूनही गेल्या. मी हाका मारत राहिले. पण ऑपरेशन करतील, तेवढं बरं झालं.

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांना बरोबर समजलं होतं.

"म्हणजे तू शुद्धीवर होती?"

"हो."

"मी पायापाशी बोलली, ते ऐकलं तू?"

ऐकलं होतं, विनय. हेच कोणाला सांगवत नव्हतं. त्या देवीला म्हणाल्या होत्या, "सून गरीब आहे वं माझी. मी तिले उठता-बसता टोचते. माझं पोटात घाल, माय. पण तिले नको सांगू."

मी मान खाली घालून "हो" म्हटलं. त्या किती तरी वेळ पदराच्या टोकाला पीळ घालत बसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ऐकलं न? मंग आता मले ते पुन्हा म्हणायले लावू नको."

आईला हे तूच वाचून दाखव. त्यानंतरही यावंसं वाटलं तर लेकीकडे म्हणून येऊ दे. पाया मी पडेन.

सासूबाईंचे तुला आशीर्वाद. त्यांना न विचारताच लिहिले आहेत. त्यांच्यासमोर मान वर करायची अजून हिंमत होत नाही.

तुझी,
सुनेत्राताई